आजीचा खोकला आणि फुप्फुसाचा कर्करोग

घरात आजोबांना खोकला लागला, की सर्वांना त्यांच्या विड्या आठवतात आणि ‘एकदा छातीचा फोटो काढून घ्या’ असे कोणीतरी म्हणतेच. आजींना खोकला लागला, की मात्र हवा बदलली, फोडणीचा ठसका बसला, रात्री दही खाल्ले, अशी कारणे सुचतात. आले, ज्येष्ठमध आणि हळदीचे दूध यांत आठवडे सरतात. वैद्यकीय व्यवसायाच्या पंचवीसहून अधिक वर्षांत हा फरक मी असंख्य घरांत पाहिला आहे. त्यामागे एक पक्की समजूत असते: फुप्फुसाचा कर्करोग हा धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा आजार. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात स्त्रियांचे निदान लांबते.

प्रथम खरा भाग पाहू. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांत पुरुष सुमारे १६ लाख, तर स्त्रिया सुमारे ९ लाख होत्या. भारतात त्याच वर्षी अंदाजे ८० हजार नवे रुग्ण होते आणि पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे अडीच पट होते. म्हणजे हा आजार पुरुषांत अधिक आहे, यात शंका नाही. प्रश्न असा, की हा फरक शरीराच्या घडणीतून येतो, की आयुष्य जगण्याच्या रीतीतून?

याचे उत्तर गेल्या शतकाच्या इतिहासात मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये या कर्करोगाचे रुग्ण झपाट्याने वाढले. रस्त्यांवरचे डांबर आणि मोटारींचा धूर यांच्यावर तेव्हा संशय होता. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बोट सिगारेटकडे वळले. पुरुषांनी सिगारेट आधी जवळ केली होती, म्हणून आजारही आधी त्यांना झाला. पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांमध्ये ही सवय नंतर पसरली आणि दोन-तीन दशकांनी आजारही मागोमाग आला. अमेरिकेत १९८७ साली स्त्रियांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंनी स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंना मागे टाकले. पुढे तेथील पुरुषांनी धूम्रपान कमी केले, त्यांचे आकडे घटले आणि दोघांतील अंतर मिटत गेले. १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर जन्मलेल्या गोऱ्या आणि हिस्पॅनिक अमेरिकनांत, तरुण व मध्यम वयात, स्त्रियांतील प्रमाण पुरुषांहून अधिक असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याचे स्पष्टीकरण केवळ धूम्रपानातील फरकाने देता आले नाही. स्त्रीदेहाला या रोगापासून कोणतेही नैसर्गिक कवच नाही, एवढे यातून कळते.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १९ टक्के पुरुष धूम्रपान करत होते, तर स्त्रियांत हे प्रमाण अवघे २ टक्के होते. (आपल्याकडील अनेक आजी मिशरी लावतात; तिचा मोठा धोका तोंडाच्या कर्करोगाचा. धूर छातीत ओढण्याचा प्रकार वेगळा.) आता साधा हिशेब करून पाहा. धूम्रपानात अंतर सुमारे नऊ-दहा पट आहे, कर्करोगात मात्र केवळ अडीच पट. रोगांचे गणित इतके सरळ नसते, हे मान्य. तरीही एवढ्या तफावतीचा अर्थ दुर्लक्षून चालणार नाही. आपल्याकडे फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या बहुतेक स्त्रियांनी आयुष्यात कधीही विडी-सिगारेट ओढलेली नसते.

मग कारण काय? एकच नाही. पहिले कारण घरातील दुसऱ्याचा धूर. जपानचे ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांचा १४ वर्षे मागोवा घेतला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पती अधिक सिगारेट ओढणारा असेल तर पत्नीला हा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, असे दिसले. तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढील अभ्यासांनी मात्र तो निष्कर्ष बळकट केला.

दुसरे कारण चुलीचा धूर. चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई परिसरात स्त्रिया जवळजवळ धूम्रपान करत नसत, तरीही तेथील स्त्रियांतील या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या प्रमाणांपैकी होते. तेथे घरात उघड्या अग्निकुंडात धुरकट दगडी कोळसा जाळून स्वयंपाक होई. पुढे धुराडी बसवलेल्या घरांत काही वर्षांनी आजाराचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले, स्त्रियांत आणि पुरुषांतही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या कोळशाचा धूर निश्चित कर्करोगकारक मानला आहे. लाकूडफाट्याचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवला आहे. आपल्या खेड्यांतील चूल मुख्यतः लाकूड आणि गोवऱ्यांची, म्हणून कोळशाचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण पन्नास वर्षे फुंकणीने चूल पेटवलेल्या स्त्रीच्या फुप्फुसांना कसलाच ताप झाला नसेल, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. याशिवाय बाहेरची प्रदूषित हवा, जमिनीतून येणारा रेडॉन वायू आणि घराण्यातील रोगप्रवणता ही कारणे आहेतच. पुष्कळदा मात्र कोणतेही ठोस कारण हाती लागत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. धूम्रपान न करणाऱ्यांत ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ हा प्रकार अधिक आढळतो. तो बहुधा फुप्फुसाच्या कडेच्या भागात वाढतो. मोठ्या श्वासनलिकांपासून दूर असल्यामुळे सुरुवातीला खोकला येत नाही की रक्त पडत नाही. लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरेचदा छातीत पाणी साठलेले असते किंवा रोग हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. त्यातच आपल्याकडे क्षयरोग पुष्कळ. एक्स-रेवर डाग दिसला, वजन घटले, संध्याकाळी कणकण वाटली, की क्षयाचा विचार आधी येतो, आणि ते योग्यही आहे. मात्र बेडक्यात जंतू सापडल्याविना क्षयाची औषधे सुरू झाली असतील आणि काही आठवड्यांत उतार दिसत नसेल, तर केवळ गोळ्या पुढे चालू ठेवणे पुरेसे नाही. ‘निदान पुन्हा तपासायचे का?’ असा प्रश्न आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. त्यात कोणाचाही अवमान नाही.

आता घरातील काळजीवाहकांसाठी काही ठोस गोष्टी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर बेडक्याची क्षयासाठी तपासणी करावी. तीन आठवडे उलटूनही खोकला थांबला नाही, तर छातीचा एक्स-रे काढावा, रुग्ण आजोबा असोत वा आजी. बेडक्यातून एकदा जरी रक्त पडले, तरी वाट पाहू नये. कारणाविना घटणारे वजन, बसलेला आवाज, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, खांद्याचे किंवा पाठीचे न थांबणारे दुखणे, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, ही लक्षणे सांगण्याजोगी आहेत. आजी आपणहून ती सांगणार नाहीत. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून त्या गप्प राहतात. तुम्हीच विचारा. एक्स-रे निर्दोष आला आणि त्रास मात्र तसाच राहिला, तर सीटी स्कॅनविषयी डॉक्टरांशी बोला. लहान किंवा आडोशाची गाठ एक्स-रेवर दिसत नाही. दवाखान्यात जाताना जुने एक्स-रे बरोबर न्या. चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला आणि घरात कोण धूम्रपान करीत असे, हेही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.

त्याचबरोबर एक सावधगिरी. हे वाचून प्रत्येक आजीचा सीटी स्कॅन करून आणण्याची गरज नाही. कोणतेही लक्षण नसताना कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने तपासणी केल्याचा लाभ आजवर मुख्यतः दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांत सिद्ध झाला आहे. अमेरिकेतील २०११ च्या मोठ्या अभ्यासात अशा व्यक्तींचे या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. कधीच धूम्रपान न केलेल्या व्यक्तीने लक्षणांकडे लक्ष ठेवणे अधिक महत्त्वाचे.

सीटी स्कॅनमध्ये गाठ आढळली, तर पुढची पायरी बायोप्सी. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ या भीतीने अनेक घरे येथेच थांबतात. तसा धोका अत्यंत विरळा आहे. तुकडा न तपासल्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे. कारण या तपासणीनेच रोगाचा प्रकार कळतो, आणि येथे स्त्रियांच्या बाजूची एक चांगली गोष्टही आहे. २००४ साली असे लक्षात आले, की काही रुग्णांच्या कर्करोगपेशींत ‘ईजीएफआर’ नावाच्या जनुकात विशिष्ट बदल असतो. आशियाई लोकांत, स्त्रियांत आणि धूम्रपान न केलेल्यांत तो अधिक आढळतो. तो असल्यास गोळ्यांनी उपचार करता येतात. रोग पसरलेला असेल तर त्या सहसा तो समूळ बरा करत नाहीत, पण अनेकांना बऱ्या स्थितीत महिने, कधी वर्षे मिळवून देतात. म्हणून ‘या वयात केमोथेरपी झेपणार नाही’ असे घरच्या घरी ठरवून तपासणी टाळू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करा. ७० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्येष्ठांसाठी आयुष्मान भारत योजनेचे स्वतंत्र कार्डही आहे.

आजोबांसाठीही दोन शब्द. ‘आता साठी उलटली, सोडून काय उपयोग?’ असे ते विचारतात. ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या अभ्यासात, साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभल्याचे दिसले. शिवाय त्यांनी विडी विझवली, तर त्याच खोलीत झोपणाऱ्या आजींच्या छातीत जाणारा धूरही थांबतो.

निदान झाल्यावर पुष्कळ स्त्रिया एकच प्रश्न विचारतात: ‘मी तर कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही, मग मला कसे झाले?’ शेजारीपाजारी कुजबुजतात, नातेवाईक चौकशी करताना आवाज खाली करतात. तिला एवढेच सांगा, की हा आजार तिने ओढवून घेतलेला नाही. आणि आज ज्या घरात आजींचा खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला असेल, त्या घराने ज्येष्ठमधाची पुडी बाजूला ठेवून त्यांना उद्या सकाळी दवाखान्यात न्यावे. बहुतेक वेळा कारण साधेच निघेल. ते साधे आहे, हे मात्र तपासूनच ठरवावे.