सहा लाख स्ट्रेचर आणि लंडनची कुंपणं

रानडुकरांना अडवायला शेताभोवती ताणलेल्या जुन्या साड्या, कारल्याच्या वेलासाठी परसात उभी केलेली मोडकी लोखंडी खाट, सायकलच्या रिंगांवर चढवलेला दोडका. टाकाऊ वस्तूंची अशी कुंपणं आणि मांडव गावोगाव आहेत, त्यांचं वर्णन इथे करायला नको. मला त्यांचं वेड फार जुनं आहे. या विषयावर वाचत गेलं की दुसऱ्या महायुद्धाचं भंगार जागोजाग भेटतं. तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकेनं भोकांचे पोलादी पत्रे बनवले होते, प्रत्येक १० फूट लांब आणि १५ इंच रुंद. युद्धानंतर आसामपासून पापुआ न्यू गिनीपर्यंत लोकांनी त्यांची कुंपणं केली. पण मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते दक्षिण लंडनमधल्या सरकारी चाळवजा वसाहतींच्या कुंपणांनी. ती स्ट्रेचरची आहेत.

युद्ध सुरू होण्याआधीच ब्रिटिश सरकारनं हवाई हल्ल्यांचा अंदाज बांधला होता. पहिल्या ६० दिवसांत ६ लाख माणसं मरतील आणि १२ लाख जखमी होतील, असा तो हिशेब होता. त्याच भीतीतून हवाई हल्ला बचाव यंत्रणेसाठी सुमारे ६ लाख स्ट्रेचर तयार झाले. कापडाऐवजी पोलादी नळ्या आणि तारेची जाळी वापरली, कारण कापडात विषारी वायूचा अंश मुरतो आणि धातू पाण्यानं धुऊन लगेच पुन्हा वापरता येतो. दोन्ही दांडे टोकांजवळ खाली वाकवलेले होते. स्ट्रेचर जमिनीवर ठेवला तरी तो त्या वाकांवर टेकून थोडा उंच राहायचा आणि उचलणाऱ्याचे हात दांड्याखाली सहज जायचे. विषारी वायूचा हल्ला कधी झालाच नाही. बॉम्बहल्ल्यांत संपूर्ण युद्धकाळात सुमारे ६० हजार नागरिक मेले. हा आकडा भयंकरच आहे, पण अंदाजाचा दहावा हिस्सा. युद्ध संपलं तेव्हा ढीगभर स्ट्रेचर उरले.

त्याच वेळी शहराला कुंपणांची चणचण होती, आणि त्यामागे एक भांडण आहे. १९४१ पासून सरकारनं बागा, चौक आणि घरांसमोरची लोखंडी कठडी युद्धसामग्रीसाठी कापून नेली. पुरवठामंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक या मोहिमेमागे होते. सुरक्षेसाठी गरजेची आणि कलात्मक किंवा ऐतिहासिक मोलाची कठडी तेवढी वगळली. बाकीच्यांचे कापलेले खुंट लंडनमधल्या कितीतरी भिंतींच्या माथ्यावर आजही दिसतात. त्या लोखंडाचं पुढे काय झालं यावर अजून वाद चालतो. जुन्या कठड्यांपैकी बरीचशी ओतीव लोखंडाची होती. ओतीव लोखंडात कार्बन जास्त असतो, ते शस्त्रांच्या पोलादासाठी जसंच्या तसं चालत नाही. १९८४ साली ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये एका पत्रकाराचं पत्र छापून आलं. शेकडो टन लोखंड थेम्सच्या मुखाशी बुडवलं गेलं, असं त्यात म्हटलं होतं. या पत्राला मी पुरावा मानत नाही. पण शहरानं आपल्या घरासमोरचं लोखंड देऊन टाकल्यावर त्याचा हिशेब मागायला कोणी तरी चाळीस वर्षांनी उठतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जॉर्ज ऑर्वेलचा साप्ताहिक ‘ट्रिब्यून’मधला मजकूर. ४ ऑगस्ट १९४४ च्या अंकात त्यानं तक्रार केली की लंडनच्या चौकांभोवती कठडी परत येऊ लागली आहेत. लोखंडाची नव्हे, लाकडाची, पण कठडीच. मधल्या काळात कुलपाआडच्या या बागा सगळ्यांसाठी उघड्या झाल्या होत्या. आता किल्ल्या पुन्हा मोजक्या रहिवाशांकडे जाणार होत्या. त्यावर एका वाचकानं विचारलं, ही खासगी मालमत्ता असेल तर तुम्ही चोरीचीच भलामण करत नाही का? १८ ऑगस्टच्या अंकात ऑर्वेलनं माघार न घेता उत्तर दिलं: इंग्लंडची जमीन इंग्लंडच्या लोकांना परत देणं ही चोरी असेल, तर तिला चोरी म्हणायला माझी हरकत नाही. सामायिक जमिनी कुंपणं घालून बळकावणाऱ्यांकडेही त्यांच्यावर बळाखेरीज दुसरा हक्क नव्हता, असं त्यानं पुढे बजावलं. मी पूर्णपणे त्याच्या बाजूनं आहे. कुंपण कशाचं आहे याआधी ते कोणासाठी आहे हे पाहावं लागतं, आणि त्या दोन अंकांत हा प्रश्न जितका थेट मांडला गेला तितका मी इतरत्र वाचलेला नाही.

स्ट्रेचर गेले ते कामगारांच्या वसाहतींत. लंडन काउंटी कौन्सिलच्या इमारतींभोवती त्यांचा उपयोग कठड्यासारखा झाला. साउथवर्कमधलं टॅबर्ड गार्डन्स आणि ईस्ट डलविचचा डॉग केनल हिल हे त्याचे ओळखीचे पत्ते आहेत. कृती साधी होती: स्ट्रेचर आडव्या कडेवर उभा करायचा, दोन खांबांच्या मध्ये जोडायचा, काळा रंग द्यायचा. कापणं नाही, वितळवणं नाही. त्यामुळे दांड्यांचे ते वाक जसेच्या तसे राहिले, आणि त्यांवरूनच हे कुंपण ओळखू येतं. रांगेत वर-खाली दिसणाऱ्या त्या वळणांना पुष्कळ लोक नक्षी समजतात. बागकामाच्या दृष्टीनंही ही रचना चांगली आहे. जाळीत वेलाला धरायला जागा मिळते, आणि जाळी विरळ असल्यामुळे मागच्या झुडपांचं ऊन अडत नाही.

आता ही कुंपणं गंजू लागली आहेत. नळी पोकळ असल्यानं आत पाणी साचतं आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असताना धातू आतून खाल्ला जातो. काही ठिकाणी ती काढून नव्या सळयांची कठडी बसवली गेली. उरलेली वाचवण्यासाठी ‘स्ट्रेचर रेलिंग सोसायटी’ ही संस्था काम करते. एखादा नमुना संग्रहालयात ठेवून भागेल असं मला वाटत नाही. ज्या वस्त्यांवर बॉम्ब पडले, त्याच वस्त्यांच्या हिरवळीला ही कुंपणं राखतात; तिथून हलवली की त्यांची अर्धी गोष्ट गेली. नळ्यांची उघडी टोकं बंद करावीत, गंज घासून रंग द्यावा, तुटली तर जाळी नवी बसवावी. वाकवलेले दांडे मात्र बदलू नयेत.