रिपोर्ट नॉर्मल, पण रक्त थांबेना

ऑपरेशन ठरलं की फाइलमध्ये एक कागद हमखास असतो, बीटी-सीटीचा. हर्निया असो, टॉन्सिल असो, नाहीतर नुसती अक्कलदाढ काढायची असो. गावातल्या लॅबमध्ये तंत्रज्ञ कानाच्या पाळीला टोचतो आणि दर अर्ध्या मिनिटाने फिल्टर पेपरने थेंब टिपतो. कागदावर डाग उमटायचा थांबला की तो झाला बीटी, म्हणजे ब्लीडिंग टाइम. मग बोटातलं रक्त काचेच्या बारीक नळीत ओढायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा एकेक तुकडा मोडायचा. दोन तुकड्यांच्या मध्ये रक्ताचा तंतू ताणलेला दिसला की तो सीटी, क्लॉटिंग टाइम. दोन्ही आकडे मर्यादेत असले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

‘बीटी-सीटी नॉर्मल आहे, रक्ताचा काही प्रश्न नाही’

कानाच्या पाळीची ही तपासणी अमेरिकेतले डॉक्टर विल्यम ड्यूक यांनी 1910 मध्ये मांडली. तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. पण सुई किती खोल गेली, कातडी गार होती की गरम, टिपणाऱ्याचा हात किती दाबून पडला, एवढ्यानेही आकडा बदलतो. 1998 मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी पुराव्यांचा आढावा घेऊन स्पष्ट म्हटलं, की शस्त्रक्रियेत कोणाला जास्त रक्तस्राव होईल हे ब्लीडिंग टाइमवरून सांगता येत नाही. त्यानंतर तिकडच्या बहुतेक रुग्णालयांनी ही तपासणी बंद केली. आपल्याकडे ती छापील फॉर्मवर आहे म्हणून होत राहते.

क्लॉटिंग टाइमची गत त्याहून वाईट. हिमोफिलिया ए या आजारात रक्तातला फॅक्टर आठ कमी असतो. निरोगी माणसाची सरासरी पातळी शंभर टक्के धरली, तर ती एक-दोन टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय नळीतला तंतू उशिरा येतच नाही. म्हणजे दहा टक्के फॅक्टर असलेला माणूस सीटीत सहज पास होतो आणि दाढ काढल्यावर तीन दिवस रक्त थुंकत बसतो.

यापेक्षा सुधारित तपासण्या म्हणजे रक्तद्रव गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी. त्या जरूर कराव्यात, पण त्यांच्याही नजरेतून काही आजार सुटतात. फॅक्टर तेराचं उदाहरण घ्या. हा फॅक्टर नसलेल्या बाळाची नाळ पडताना किंवा पडल्यावर बेंबीतून रक्त झिरपत राहतं, आणि पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल येतं. कारण गुठळी वेळेवर होते. ती पक्की करण्याचं काम फॅक्टर तेराचं असतं आणि ते या तपासण्यांमध्ये मोजलंच जात नाही. त्यासाठीची जुनी युक्ती सोपी आहे. रुग्णाच्या रक्तद्रवाची गुठळी युरियाच्या तीव्र द्रावणात ठेवायची. निरोगी गुठळी दुसऱ्या दिवशीही तशीच असते, फॅक्टर तेरा नसलेली काही तासांत विरघळून जाते. हा आजार, किंवा प्लेटलेटची संख्या भरपूर पण त्या एकमेकींना चिकटतच नाहीत असा ग्लांझमनचा आजार, आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल असलेल्या घरांमध्ये म्हणूनच त्यांची शक्यता वाढते.

मग ऑपरेशनआधी करायचं काय? विचारायचं. आधी दाढ काढली तेव्हा काय झालं? घोळणा किती वेळा फुटतो आणि दहा मिनिटं दाबून धरल्यावर थांबतो का? न लागता काळेनिळे डाग पडतात का? सुंता झाली तेव्हा, बाळंतपणात, आधीच्या ऑपरेशनात रक्त द्यावं लागलं होतं का? आईला, मामाला, भावंडांना असं काही आहे का? या प्रश्नांना गुण देऊन बेरीज करण्याची एक प्रमाणित पद्धतही आता जगभर वापरली जाते. पाच मिनिटांचं काम आहे. घोळणा फुटला की ‘उष्णता झाली’ म्हणून डोक्यावर पाणी मारून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खपतंही. पण दोन्ही नाकपुड्यांतून, महिन्यातून चार वेळा आणि अर्धा अर्धा तास येणाऱ्या रक्ताला उष्णता म्हणू नये.

‘रिपोर्ट बिघडला म्हणजे रक्तस्राव होणारच’

याची उलट बाजू मला जास्त रंजक वाटते. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रेल्वेत ब्रेक्समनचं काम करणाऱ्या जॉन हेजमन यांची शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणी झाली. काचेच्या नळीत त्यांचं रक्त गोठायला भलताच वेळ लागत होता. पण या गृहस्थांना आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी शोध घेतला आणि 1955 मध्ये एका नव्या घटकाची कमतरता नोंदवली. त्यालाच आज फॅक्टर बारा म्हणतात. त्याची कमतरता नळीत दिसते, शरीरात तिच्याने काही बिघडत नाही. पुढे 1968 मध्ये हेजमन पडले, हाड मोडलं आणि त्यांचा मृत्यू झाला तो रक्तस्रावाने नव्हे, तर फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने.

एपीटीटी लांबला की प्रयोगशाळा पुढची पायरी म्हणून मिश्रण करून बघते. रुग्णाचा रक्तद्रव आणि निरोगी माणसाचा रक्तद्रव निम्मानिम्मा मिसळायचा. वेळ पूर्ववत झाली तर काहीतरी कमी होतं, ते निरोगी रक्तद्रवाने भरून काढलं. वेळ लांबलेलीच राहिली तर काहीतरी आड येतंय. ते आड येणारं कधी फॅक्टर आठवरच उलटलेलं प्रतिद्रव्य असतं, आणि मग जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. कधी ते ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट असतं. त्यात नळीतलं रक्त उशिरा गोठतं आणि शरीरात मात्र नको तिथे गुठळ्या होतात, पायाच्या शिरांत, मेंदूत, गरोदरपणी वारेत. एकाच लांबलेल्या आकड्याचे असे तीन अगदी वेगळे अर्थ निघतात. रिपोर्टवर लाल अक्षरात आलेला आकडा पाहून घरच्या घरी औषध बंद करणारे किंवा सुरू करणारे लोक पाहिले की म्हणूनच धास्ती वाटते.

‘आमच्याकडे सगळ्याच बायकांना अंगावरून जास्त जातं’

हे वाक्य निदानाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे आणि नेमकं तेच ऐकून सोडून दिलं जातं. फिनलंडच्या अखत्यारीतल्या ओलांद बेटांवर अशाच एका घराची कहाणी घडली. 1924 मध्ये पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे आणली गेली. त्यांनी तिच्या गोतावळ्यातली 66 माणसं तपासली, त्यांत 23 जणांना रक्तस्रावाचा त्रास होता, आणि त्यांत बायका भरपूर होत्या. प्लेटलेटची संख्या ठीक, क्लॉटिंग टाइमही ठीक. हा हिमोफिलिया नव्हे, असं त्यांनी 1926 मध्ये लिहिलं. ती मुलगी तेरा वर्षांची असताना तिच्या चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली.

त्या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा हा आजार आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो, आणि स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या स्त्रियांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 13 टक्के स्त्रियांमध्ये हा आजार निघाला. तरी आपल्याकडे अशा बाईची वाट ठरलेली असते. आधी लोहाच्या गोळ्या, मग सोनोग्राफी, मग क्युरेटिंग, आणि चाळिशीच्या आत ‘पिशवी काढून टाका’. मध्ये कुठेही रक्त गोठण्याची तपासणी होत नाही. तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, सात दिवसांहून जास्त जाणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणं आणि वयात आल्यापासूनच असं असणं, ही खूण आहे. घरातल्या सगळ्यांना आहे म्हणून ती नॉर्मल ठरत नाही, उलट संशय वाढतो.

इथेही एक गोम आहे. फॉन विलेब्रांड घटकाची पातळी गरोदरपणात, तापात, ताणात वाढते, आणि ओ रक्तगटाच्या लोकांत ती मुळातच पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमी असते. एकदा नॉर्मल आलेल्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही, संशय असेल तर पुन्हा तपासावं लागतं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. या आणि इतर दुर्मिळ आजारांच्या जनुकीय तपासणीचं, गर्भावस्थेतल्या निदानाचं काम तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. हिमोफिलिया ए आणि फॉन विलेब्रांडचा आजार लहान दवाखान्यातही ओळखता यावा, यासाठी जागेवरच करता येणारी तपासणी-पट्टी तिथेच विकसित झाली आहे.

हिमोफिलिया फक्त पुरुषांना होतो, बायका नुसत्या वाहक, हेही अर्धसत्यच. वाहक स्त्रीचा फॅक्टर कित्येकदा चाळीस टक्क्यांखाली असतो, आणि तिलाही बाळंतपणात, ऑपरेशनात जपावं लागतं. शिवाय जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. सुनेच्या माहेराकडे बोट दाखवण्याआधी हे ठाऊक असावं.

‘हिमोफिलियाच्या मुलाला ओरखडा निघाला तरी संपलं’

नाही. लहानशा जखमेवर प्लेटलेट धावून जातात आणि बूच बसवतात. हिमोफिलियात प्लेटलेट चांगल्या असतात. त्यामुळे ओरखडा, सुईचं टोचणं दाबून धरलं की बहुधा थांबतं. धोका असतो तो न दिसणाऱ्या रक्ताचा. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात, कमरेच्या स्नायूत, मेंदूत. रशियाचा राजपुत्र अलेक्सेई 1912 मध्ये पोलंडमधल्या स्पावा इथे मरणाच्या दारात पोचला होता, तो कुठे कापल्यामुळे नव्हे. होडीत उडी मारताना लागलेला मुका मार आणि नंतर घोडागाडीतले हादरे, एवढ्याने मांडीत आणि पोटाच्या खालच्या भागात रक्त साचत गेलं. (त्याला हिमोफिलिया बी होता, हे 2009 मध्ये त्या कुटुंबाच्या अवशेषांच्या डीएनए तपासणीतून कळलं.) आपल्याकडे रांगणाऱ्या पोराचा गुडघा पुनःपुन्हा सुजतो, तेल-शेक होतो, संधिवाताचं औषध सुरू होतं. कोणी पाणी झालं असेल म्हणून सुई घालतं, आणि मग सगळं उघड होतं.

‘डेंग्यू झालाय, प्लेटलेट चढवा’

दर पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर प्लेटलेटदात्यांसाठी धावाधाव सुरू होते. आकडा वीस हजारांवर आला की घर हादरतं. सिंगापूर आणि मलेशियात 372 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, अशा प्रौढांपैकी निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नुसती देखभाल. पहिल्या गटात 21 टक्क्यांना आणि दुसऱ्यात 26 टक्क्यांना रक्तस्राव झाला. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा नव्हता. अंगावर पित्त उठणं, क्वचित गंभीर रिअ‍ॅक्शन असे दुष्परिणाम मात्र पहिल्या गटात 13 जणांना, दुसऱ्यात दोघांना.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि तेच दोन दिवस जोखमीचे असतात. तेव्हा बघायचं ते हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), लघवी, पोटदुखी, सततच्या उलट्या, हातापायांचा गारठा. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेटचा आकडा थोडा लवकर वाढतो असं काही लहान अभ्यासांत दिसलं. त्याने रक्तस्राव टळतो किंवा जीव वाचतो असा पुरावा नाही. शेळीच्या दुधाबद्दल आणि किवीबद्दल तर तेवढंही म्हणता येत नाही. डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देणं मात्र निश्चित घातक. द्यायचं ते पॅरासिटामॉल, तेही मोजून.

‘गोळीने रक्त पातळ होतं’

रक्ताचा दाटपणा आहे तसाच राहतो. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटना चिकटू देत नाही. एकदा बसलेला तिचा असर त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. वॉरफेरिनच्या जातीच्या गोळ्या यकृतात व्हिटॅमिन के वापरून होणाऱ्या चार फॅक्टरांचं काम रोखतात. म्हणून हृदयाची झडप बदललेल्या माणसाला ‘पालेभाजी बंद’ सांगितलं जातं. तेही चुकीचं. मेथी-पालक खावा, पण दर आठवड्याला साधारण तेवढाच. श्रावणात एकदम भाज्याच भाज्या आणि एरवी नावालाही नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे या गोळीचा असर मोजणारा आकडा, वरखाली होतो.

‘हिमोफिलियावर उपाय नाही’

1965च्या सुमारास स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांच्या लक्षात आलं, की गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळवला की तळाशी उरणाऱ्या साक्यात फॅक्टर आठ गच्च भरलेला असतो. तिथून शुद्ध फॅक्टर आले. 1980च्या दशकात त्याच बाटल्यांतून हजारो रुग्णांना एचआयव्ही झाला. त्या धक्क्यातून विषाणू मारण्याच्या प्रक्रिया आल्या, मग प्रयोगशाळेत घडवलेला फॅक्टर. 2017 पासून एमिसिझुमॅब हे त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन मिळू लागलं. ते फॅक्टर आठची जागा भरून काढतं आणि आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने घेतलं तरी चालतं. डिसेंबर 2024 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच रुग्णांवरच्या जनुकीय उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच मूळ पेशींत फॅक्टर आठचं जनुक घालून त्या परत दिल्या. नंतरच्या देखरेखीच्या काळात पाचांपैकी कोणालाही रक्तस्राव झाला नाही. संख्या लहान आहे, उपचाराआधी केमोथेरपी सोसावी लागते, आणि किती वर्षं टिकेल ते काळच सांगेल.

तोवर घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. गुडघा जड वाटतो असं मुलगा म्हणाला की सूज यायची वाट न पाहता फॅक्टर द्यायचा, बर्फ लावायचा, पाय उंच ठेवायचा. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन नाही. कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. लस टाळायची मात्र नाही, ती बारीक सुईने शक्यतो त्वचेखाली घ्यायची आणि पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं. कबड्डी, कुस्ती नको; पोहणं उत्तम, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यात रक्त येण्याचं प्रमाण कमी होतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जाताना फॅक्टरच्या पातळीचा रिपोर्ट सोबत न्यावा, बीटी-सीटीचा नको.