खांड, कांदळवन आणि सातबारा

तापमानवाढीला ज्यांचा हातभार अत्यल्प, त्यांनाच तिची झळ अधिक का बसते आणि तिची भरपाई कोणी करावी, या विचाराला हवामान-न्याय म्हणतात. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये श्रीमंत देशांचे चैनीचे आणि गरीब देशांचे पोटापाण्याचे उत्सर्जन एकाच तराजूत तोलण्यास हरकत घेतली होती. महाविद्यालयीन समाजशास्त्रात हा वाद बहुधा देशादेशांपुरताच मांडला जातो. पेण-रोह्याच्या वर्गात मात्र तो तालुक्याच्या हद्दीत आणून तपासता येतो.

पेणच्या खारेपाटात भातशेती भरतीच्या पातळीखाली, मातीच्या बांधाआड होते. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि ती वेळेत बुजवली नाही तर जमीन नापीक होऊन तिच्यावर कांदळवन माजते. समुद्राची पातळी वाढत असताना हा धोका वाढणारच. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने कांदळवनाला कडक संरक्षण दिले, ते योग्यच. कारण ही झाडे किनारा राखतात आणि कार्बन साठवतात. पण ज्याच्या सातबाऱ्यावरची भातजमीन दुरुस्तीअभावी कांदळवन झाली, त्याला ती पुन्हा लागवडीखाली आणणे जवळजवळ अशक्य होते, म्हणजे साऱ्या जगाच्या हिताची किंमत एका कुटुंबाला मोजावी लागते. पूर्वी बांधबंदिस्ती गावकीच्या श्रमावर चाले, पुढे ती खारभूमी खात्याकडे गेली. तेव्हा खांड कोणामुळे राहिली, हा प्रश्न निसर्गाइतकाच संस्थांचाही ठरतो. सातबारा ज्याच्या नावावर नाही, त्या मजुराचे नुकसान तर पीकहानीच्या पंचनाम्यातही सहसा दिसत नाही. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांची गत याहून बिकट, कारण आपत्तीच्या वेळी ती गावात असतीलच असे नाही.

रोह्याकडे वळताच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा वीजकेंद्र १९२७ पासून कोळशाविना वीज देत आहे. त्यासाठी बांधलेल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला होता. धूर न सोडणारी वीजही कुणाच्या तरी बुडालेल्या जमिनीवर उभी असते, हे विद्यार्थ्यांनी शिकावे, आणि त्यासाठी क्षेत्रभेटीत हवेचे तापमान मोजण्यापेक्षा सातबारा, पंचनामे आणि बांधदुरुस्तीची कागदपत्रे वाचणे अधिक उपयोगी आहे.