गर्भिणीचें रक्त काय सांगतें?

छत्रपति संभाजीनगरांतील गर्भिणींसहि आतां एक नवी रक्तपरीक्षा सुचविली जाते. मातेच्या रक्तद्रवांत गर्भाच्या 'डीएनए'चे अंश असतात, हें १९९७ सालीं डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. दहाव्या आठवड्यापासून त्यांवरून एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनांऐवजीं तीन प्रती असण्याचा, म्हणजे डाऊन सिंड्रोमचा, संभव कळतो. परंतु हे अंश मुख्यतः वारेचे. म्हणून हा निकाल नव्हे, इशारा होय. खात्रीस गर्भजलपरीक्षाच हवी.

गर्भाचें लिंगहि यांतून कळूं शकतें. तें सांगणें मात्र गुन्हा आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशांतील पहिला कायदा महाराष्ट्रानेंच १९८८ सालीं केला. गर्भजलपरीक्षेस कायद्यानें लेखी संमति लागते ती गर्भिणीची, सासूसासऱ्यांची नव्हे. वडीलधाऱ्यांनीं सुनेस धीर द्यावा, निर्णय तिजवर लादूं नये, असें आम्हांस वाटतें.