सरावाचे शंभर चेंडू

श्रोतेहो, आज गोल्फविषयी बोलणार आहे असे म्हटल्यावर तुमच्यापैकी काहीजण हसतील. म्हणतील, आमच्या गावात कबड्डीला धड मैदान नाही, तिथे हा साहेबी खेळ कशाला? प्रश्न रास्त आहे. पण शिक्षक बंधुभगिनींनी थोडा धीर धरावा. सराव कसा वाया जातो, हे या खेळात फार स्पष्ट दिसते.

खेळ थोडक्यात असा. सुमारे सेहेचाळीस ग्रॅम वजनाचा टणक चेंडू काठीने टोलवत न्यायचा आणि सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. खळग्याभोवती बारीक कापलेली हिरवळ असते. तिथे चेंडू उडवायचा नाही, हलकेच ढकलायचा. चांगल्या खेळाडूसाठी एकूण बहात्तर फटके ठरवले, तर त्यांतले छत्तीस या हिरवळीवरचे धरलेले असतात. म्हणजे निम्मे!

आता माझ्या एका स्नेह्याची गोष्ट सांगतो. गृहस्थ दर रविवारी पहाटे सरावाला जायचे. शंभर चेंडूंची बादली घ्यायची, एकच मोठी काठी घ्यायची आणि एकाच दिशेने दणादण टोले हाणायचे. पहिले वीस वेडेवाकडे जायचे, शेवटचे वीस मात्र बाणासारखे सरळ. घाम पुशीत, खुशीत घरी यायचे. आणि प्रत्यक्ष खेळायला उतरले की पहिलाच चेंडू झुडपात! दोन वर्षे हे असेच चालले. बिचारे स्वतःच्या नशिबाला दोष देत.

दोष नशिबाचा नव्हता. ऐंशीवा चेंडू सरळ जातो, कारण एकोणऐंशीवा नुकताच मारलेला असतो. हाताला आठवण ताजी असते, डोक्याला काही ठरवावेच लागत नाही. खेळात तसे नसते. तिथे दर फटक्याला अंतर वेगळे, उतार वेगळा, काठी वेगळी, आणि संधी एकच. म्हणजे ज्या गोष्टीची खरी गरज, ती ठरवण्याची गोष्ट, सरावात कधी झालेलीच नसते.

१९७८ साली केर आणि बूथ या दोन संशोधकांनी मुलांवर एक साधा प्रयोग केला. आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या नेमावर टाकायला दिल्या. काही मुलांनी फक्त तीन फुटांवरून सराव केला. बाकीच्यांनी दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. मग परीक्षा घेतली ती तीन फुटांवरूनच. जिंकली कोण? दोन-चारवाली मुले! मी हे प्रथम वाचले तेव्हा मला छापण्यात चूक झाली असावी असे वाटले होते.

डॉन ब्रॅडमनचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. ऑस्ट्रेलियातल्या बाउरल गावी हा मुलगा घराच्या मागे एकटाच खेळायचा. हातात बॅट नव्हे, क्रिकेटचा स्टंप. चेंडू गोल्फचा. तो पाण्याच्या टाकीच्या विटांच्या गोल पायावर आपटायचा आणि परत येईल तसा टोलवायचा. भिंत गोल असल्यामुळे चेंडू कसा परत येईल याचा नेम नाही. कोणी सांगितले नसताना त्याने नेमका बदलता सराव शोधून काढला होता.

आपल्याकडचा चौरसिया घ्या. वडील कलकत्त्याच्या रॉयल क्लबात हिरवळीची निगा राखीत. मुलगा तिथेच पाहून पाहून शिकला, आणि २००८ साली दिल्लीला इंडियन मास्टर्स जिंकला. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही. लांब टोल्यांपेक्षा खळग्याजवळच्या नाजूक फटक्यांसाठी त्याचे नाव घेतात.

मग सराव करावा कसा? काठी कशी धरायची हेच ज्याला येत नाही, त्याने आधी एकच फटका घोटावा, त्यात गैर काही नाही. पण जरा हात बसला की लागोपाठचे दोन चेंडू सारखे मारू नयेत. एक तीन फुटांवरून, पुढचा वीस फुटांवरून, तिसरा उतारावरून. प्रत्येक वेळी मागे सरून नव्याने नेम धरावा. वेळ जास्त लागेल, चेंडू कमी होतील, आणि चुकाही जास्त दिसतील. इथेच मन खचते बरं का! दोन तास एकदम करण्यापेक्षा अर्धा तास चार दिवस करावा, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षकांची खरी पंचाईत पुढे आहे. बदलता सराव करणारा मुलगा त्या दिवशी मठ्ठ दिसतो, आणि एकच फटका घोटणारा हुशार दिसतो. आपण शाबासकी देतो ती दुसऱ्याला. संघातही घेतो त्यालाच. पाढ्यांचे, गणितांचेही असेच होत असावे, अशी मला दाट शंका आहे.

पटत नसेल तर शाळेत करून पहा. जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत चिंचोके भरा आणि जमिनीवर चुन्याचे वर्तुळ काढा. निम्मी मुले सहा फुटांवरून, निम्मी चार आणि आठ फुटांवरून महिनाभर टाकू द्यात. पिशव्या सगळ्यांना सारख्याच. परीक्षा सहा फुटांवरून घ्या. पण शेवटच्या दिवशी घाईने नको. मध्ये आठ दिवस जाऊ द्यात, आणि मुलांना आधी हात साफ करू न देता पहिल्याच दहा पिशव्या मोजा.