घरच्या मिलिंग यंत्रास सर्व्हो मोटार

अहिल्यानगरनजीकच्या (पूर्वींच्या अहमदनगरनजीकच्या) हिवरे बाजार ह्या गांवाची कीर्ति आमच्या बहुतेक वाचकांच्या कानीं आलीच असेल. १९८९-९० पासून श्री. पोपटराव पवार ह्यांच्या पुढारीपणाखालीं ह्या दुष्काळी गांवाचा कायापालट झाला. तेथील बंधाऱ्यांचीं व झाडांचीं वर्णनें पुष्कळ होतात; परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती पाण्याचा ताळेबंद मांडण्याची तेथील चाल. पाऊस किती पडला व पाणी किती आहे तें आधीं मोजावयाचें, माणसांचा व जनावरांचा वांटा बाजूस काढावयाचा, आणि उरलेल्या पाण्यावर कोणतें पीक निघेल तें मग ठरवावयाचें. ऊंस व केळी ह्यांसारख्या तहानलेल्या पिकांस तेथें मज्जाव आहे.

घरीं मिलिंग यंत्र बांधूं पाहणाऱ्या तरुणांनीं मोटार निवडतांना हीच चाल उचलावी, असें आमचें मत आहे. फिरत्या कटरखालून धातूचा तुकडा सरकवून त्यास हवा तो आकार देणारें हें यंत्र. त्याचें टेबल पूर्वीं हातानें चाक फिरवून सरकवीत. १९५२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या संस्थेनें तें काम आंकड्यांच्या आज्ञेनें चालणाऱ्या यंत्राकडून करवून दाखविलें. पुण्याजवळील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला, आणि तेथें २००२ सालीं त्याच एम. आय. टी.च्या साह्यानें ‘फॅब लॅब’ उभी राहिली. तेव्हां ही विद्या केवळ मोठ्या कारखान्यांची आहे, अशी समजूत कोणी बाळगूं नये.

‘सर्व्हो’ ह्या शब्दाचें मूळ लॅटिनमधील ‘सेवक’ ह्या अर्थाच्या शब्दांत आहे. साध्या स्टेपर मोटारीस ‘इतकीं पावलें चाल’ असें सांगावें लागतें. मध्यें कटर अडखळून तिचें पाऊल चुकलें तर तें तिला कळत नाहीं व आपणांसही कळत नाहीं. सर्व्हो मोटारीच्या पाठीस एन्कोडर असतो. तो आंसाची जागा क्षणोक्षणीं ड्राइव्हला कळवितो आणि ड्राइव्ह चूक दुरुस्त करीत राहतो. हुशार चाकराचा पगार अधिक, हें मात्र ओघानें आलेंच.

आतां हिशेब मांडूं. समजा, लहानशा यंत्राचें टेबल व वरील काम मिळून ६० किलो वजन आहे. बॉलस्क्रू २० मिलिमीटर जाडीचा, ६०० मिलिमीटर लांबीचा आणि एका फेऱ्यांत ५ मिलिमीटर पुढें नेणारा आहे. लहान कटरानें पोलादांत बेताचा काप घेतांना जोर लागतो सुमारें ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलो वजनाइतका. त्यांत घर्षणाचे आणखी १०० धरावे. ४०० वॅटच्या सर्व्हो मोटारीचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, साधारण १.२७ न्यूटन-मीटर असतो. ह्या स्क्रूवर त्याचा सरळ रेट सुमारें १४०० न्यूटन होतो. गरजेच्या तिप्पट! मग ‘असूं द्यावी थोडी मोठी’ म्हणून ७५० वॅटची कां घ्यावी? अशी मोटार क्षणभर तिप्पट जोर करूं शकते. टेबल कोठें अडकलें तर सुमारें ८०० किलो वजनाच्या रेट्यानें ती स्क्रू तरी वांकवील किंवा कोणाचें बोट तरी चिरडील. ड्राइव्हमध्यें जोरास मर्यादा घालण्याची सोय असते. ती मोटार कोणतीही असो, घालावीच.

जोराइतकाच महत्त्वाचा विचार जडत्वाचा. येथें एक मौज आहे. वरील ६० किलोंच्या टेबलाचें जडत्व मोटारीच्या आंसावर जितकें जाणवतें, त्याच्या जवळजवळ दुप्पट जडत्व दीड किलो वजनाच्या स्क्रूचें भरतें. कारण टेबल एका फेऱ्यास पांचच मिलिमीटर सरकतें, आणि स्क्रूचें जडत्व त्याच्या जाडीच्या चौथ्या घातानें वाढतें. ‘मजबूत असावा’ म्हणून २५ मिलिमीटरचा स्क्रू बसविला तर त्याचें जडत्व सुमारें अडीचपट होतें! २० मिलिमीटरच्या स्क्रूसह सारें ओझें मोटारीच्या स्वतःच्या जडत्वाच्या चौपट-पांचपट येतें, व तें चालण्यासारखें आहे. हें प्रमाण फार वाढलें कीं मोटार जागेवर थरथरत गुणगुणूं लागते.

एन्कोडरच्या आंकड्यांनींही भुलूं नये. १७ बिटांचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग करतो खरा. परंतु सी-७ दर्जाच्या बॉलस्क्रूंत ३०० मिलिमीटरांमागें सुमारें ०.०५ मिलिमीटर फरक असूं शकतो. शिवाय एन्कोडर मोटारीच्या पाठीस बसलेला. नटांतील ढिलेपणा त्यास दिसत नाहीं. जुन्या यंत्राच्या झिजलेल्या स्क्रूवर उंची मोटार चढविणें म्हणजे पडक्या भिंतीस रंग देणें होय. पैसे थोडे असतील तर ते आधीं स्क्रू, बेअरिंगें व गिब ह्यांवर खर्चावे.

बसवितांना कपलिंग आंवळून धरणाऱ्या पकडीचें घ्यावें. ४०० वॅटच्या मोटारीचा आंस बहुधा १४ मिलिमीटरचा असतो. त्यावर कपलिंग हातोडीनें ठोकून कधींही बसवूं नये, कारण तो ठोका थेट पाठीमागच्या नाजूक एन्कोडरला लागतो. मोटारीचा व स्क्रूचा आंस एका रेषेंत आहे कीं नाहीं तें डायल गेजनें पाहावें. डोळ्याच्या अंदाजावर विसंबूं नये.

खेड्यांत विजेचा विचार निराळा करावा लागतो. शेतीची थ्री-फेज वीज पाळीनें मिळत आली आहे. म्हणून घरच्या सिंगल-फेजवर चालणारा ड्राइव्हच निवडावा, आणि ४०० वॅटचे ड्राइव्ह तसे मिळतात. अर्थिंग चांगलें नसेल तर आधीं तें करून घ्यावें. एन्कोडरची तार जाळीच्या आवरणाची असावी व ती मोटारीच्या तारेपासून दूर न्यावी.

उभ्या आंसाची गोष्ट मात्र सर्वांत जोखमीची. बॉलस्क्रूंत घर्षण इतकें थोडें असतें कीं, वीज गेली कीं वरचें जड डोकें कटरासह आपल्या भारानें खालीं येऊं लागतें. आणि काम बसविणाऱ्याचा हात नेमका तेथेंच असतो. म्हणून त्या एका आंसास ब्रेकची मोटार घ्यावी, मग बाकीच्या दोन साध्या असल्या तरी चालेल. हा ब्रेक २४ व्होल्टवर सुटतो व वीज जातांच आपोआप लागतो. तो थांबलेलें ओझें धरून ठेवण्यासाठीं आहे, धांवतें ओझें थांबविण्यासाठीं नव्हे. प्रथम कटर न लावतां डोक्याखालीं लांकडी ठोकळा ठेवावा, मुख्य बटण बंद करावें आणि डोकें जागेवरून हलतें कीं काय तें पाहावें. हलत नाहीं असें चार-पांच वेळां दिसल्यावरच कटर चढवावा.