चित्रपटाच्या उत्तरभागाची पारख

ज्या कथेनें आपलें मन एकवार जिंकलें, तिचा पुढील भाग येणार असें कळतांच मनांत अपेक्षांचे मनोरे उभे राहूं लागतात. अलौकिक शक्ति लाभलेल्या नायकांचे, म्हणजे ज्यांस ‘सुपरहिरो’ म्हणतात त्यांचे, जे चित्रपट अमेरिकेंत निघतात, त्यांच्या बाबतींत ही उत्कंठा विशेष तीव्र असते. चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना कोणी म्हणतो, “पहिल्याची सर नाहीं,” तर कोणी म्हणतो, “पहिल्यावर ताण केली.” हे दोन्ही निर्णय बहुधा लहरीवर दिलेले असतात. उत्तरभाग अपेक्षेस उतरला कीं नाहीं हें ठरविण्यास कांहीं निश्चित कसोट्या आहेत काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरणादाखल ‘स्पायडर-मॅन’चे तीन चित्रपट घेऊं. स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनीं १९६२ सालीं चित्रकथेंत जन्मास घातलेला हा नायक दिग्दर्शक सॅम रेमी यांनीं २००२, २००४ व २००७ या सालीं पडद्यावर आणिला. तिन्ही वेळां ही भूमिका टोबी मॅग्वायर यांनीं केली. या चित्रपटांचें जगभरचें उत्पन्न अनुक्रमें सुमारें ८२, ७९ व ८९ कोटि डॉलर झालें. म्हणजे सर्वांत कमी दुसऱ्याचें व सर्वांत अधिक तिसऱ्याचें! तरीहि टीकाकारांनीं दुसऱ्यास मान दिला आणि तिसऱ्याविषयीं पुष्कळांची निराशा झाली. तेव्हां उत्पन्नाचा आंकडा ही अपेक्षापूर्तीची साक्ष नव्हे. प्रेक्षक तिकीट आधीं काढतो आणि चित्रपट मागाहून पाहतो.

अपेक्षा तरी कोणती? जाहिरातींनीं वाढविलेली एक, आपल्या हौसेनें रचलेली दुसरी, आणि पहिल्या भागानें स्वतः दिलेल्या वचनांतून उपजलेली तिसरी. पहिल्या दोहोंचें ऋण उत्तरभागावर नाहीं. तिसरीचें मात्र आहे, आणि तें त्यानें फेडलें कीं नाहीं हाच खरा प्रश्न होय.

पहिली कसोटी अशी, कीं उत्तरभागानें पहिल्यांतून निघणारा नवा प्रश्न विचारावा. पहिल्या चित्रपटांत पीटर पार्कर एका चोरास जाणूनबुजून पळूं देतो आणि त्याचे बेनकाका प्राणास मुकतात. त्या पश्चात्तापांतून तो लोकरक्षणाचें व्रत घेतो. दुसरा भाग विचारतो: व्रत घेणें ठीक, परंतु तें निभावण्याची किंमत काय? पीटरची नोकरी जाते, अभ्यास मागें पडतो, प्रिय माणसें दुरावतात. मन डळमळतांच त्याची शक्तिहि ओसरूं लागते आणि तो आपला वेष कचऱ्यांत टाकून देतो. पुढें तो मेकाकूस बेनकाकांच्या मृत्यूविषयींचें सत्य सांगतो. त्या प्रसंगीं ना युद्ध आहे ना उड्डाण. तरीहि चित्रपटांतील सर्वांत अवघड धाडस तेंच.

दुसरी कसोटी प्रतिनायकाची. तो केवळ अधिक बलवान असून भागत नाहीं. नायकापुढील प्रश्नाशीं त्याचें नातें हवें. आल्फ्रेड मोलिना यांनीं रंगविलेला डॉक्टर ऑक्टेव्हियस हा मूळचा सज्जन शास्त्रज्ञ. प्रयोगाच्या हव्यासांत तो पत्नी व विवेक दोन्ही गमावतो. सामर्थ्याचें काय करावें हा पीटरचाच प्रश्न त्याच्यापुढेंहि आहे; शेवटीं भानावर येऊन तो आपलें यंत्र स्वतःच नदींत बुडवितो. याउलट तिसऱ्या भागांत एकाच्या जागीं तीन प्रतिस्पर्धी आले आणि एकासहि पुरता अवकाश उरला नाहीं.

तिसरी कसोटी पूर्वकथेशीं इमान राखण्याची. तिसऱ्या भागांत असें उघड होतें, कीं बेनकाकांस मारणारा तो चोर नव्हेच, दुसराच कोणी होता. हा फेरफार वरवर चमत्कृतिजनक वाटतो. परंतु पीटरच्या पश्चात्तापाचा पायाच त्यामुळें ढिला होतो. पायाचा दगड काढून कळस चढविण्यासारखेंच हें झालें.

भव्य दृश्यांस मोल नाहीं असें नव्हे. दुसऱ्या भागास दृश्यचमत्कारांबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें आहे. परंतु धांवती आगगाडी अंगबळानें थांबवून नायक मूर्च्छित होतो, तेव्हां उतारू त्याला हातांवर झेलून आंत घेतात. मुखवटा गळालेला तो चेहरा एका कोवळ्या तरुणाचा आहे हें पाहून स्तब्ध होतात. चमत्कार येथें माणुसकीच्या सेवेस लागला आहे, म्हणूनच तो लक्षांत राहतो.

हें तत्त्व आपल्या वाङ्मयास अपरिचित नाहीं. ‘महावीरचरितां’त रावणवधापर्यंत व राज्याभिषेकापर्यंत पोंचलेल्या रामाची पुढील कथा भवभूतीनें ‘उत्तररामचरितां’त सांगितली, परंतु तींत त्यानें दुसरा, अधिक बलाढ्य रावण आणिला नाहीं. राजधर्म आणि पत्नीप्रेम यांचा कलह त्यानें रामाच्या हृदयांतच दाखविला.

सारांश, “पहिल्यापेक्षां मोठा आहे काय?” असें न विचारतां “पहिल्यानें दिलेला शब्द यानें पाळला काय?” असें वाचकांनीं विचारावें. मोठेपणा पैशानें विकत घेतां येतो. दिलेला शब्द मात्र पाळावाच लागतो. मनुष्याची पारख आपण जशी करितों, तशीच कथेचीहि करावी, हें उचित होय.